पीयूसीत नापास झालेला जुना डिझेल ट्रक : धुराचे कारण क्रमाने कसे शोधावे

पीयूसी केंद्रावर जुना ट्रक नापास झाला की गॅरेजमध्ये पहिला सल्ला बहुधा एकच मिळतो : डिझेल पंप उतरवा. पंप उतरवणे, तपासणीच्या बेंचवर लावणे आणि पुन्हा बसवून टायमिंग (डिझेल फवारण्याची वेळ) बांधणे यांत गाडीचे दोन-तीन दिवस जातात, खर्च मोठा होतो आणि तरीही पुष्कळदा धूर जिथल्या तिथे राहतो, कारण दोष पंपात नसून हवेच्या वाटेत असतो. धूर म्हणजे सिलिंडरमध्ये गेलेले डिझेल पूर्ण जळले नाही याची खूण होय. ते का जळले नाही याची कारणे मोजकीच आहेत : हवा कमी पडली, जळलेला वायू बाहेर पडायला अडला, डिझेल नीट फवारले गेले नाही, चुकीच्या वेळी फवारले गेले, गरजेपेक्षा जास्त आले किंवा इंजिनात दाब उरला नाही. ही कारणे याच क्रमाने तपासावीत असे माझे ठाम मत आहे. या क्रमात खर्च कमीकडून जास्तीकडे जातो हे एक कारण झालेच; पण त्याहून महत्त्वाचे कारण असे की हवा पुरेशी मिळत नसलेल्या इंजिनावर नोझल (डिझेल फवारणारे तोंड) किंवा पंप तपासून काढलेला कोणताही निष्कर्ष विश्वासार्ह नसतो.

येथे विचार केला आहे तो यांत्रिक इनलाइन पंप (प्रत्येक सिलिंडरला डिझेल दाबून देणारे एलिमेंट एका ओळीत असलेला पंप) असलेल्या बीएस-२ आणि बीएस-३ काळातील मालवाहू ट्रकांचा, म्हणजे ६९७ इंजिनाचे टाटा १६१३, कमिन्स ६बीटी इंजिनाच्या गाड्या आणि त्याच पिढीतील लेलँड यांचा. देशभर बीएस-४ लागू झाले ते १ एप्रिल २०१७ पासून. त्यापूर्वी नोंदलेले असे ट्रक आजही ऊस, वाळू, विटा आणि शेतमालाच्या वाहतुकीत मोठ्या संख्येने आहेत. कॉमन रेलच्या, म्हणजे संगणकाने नियंत्रित फवारणीच्या, गाड्यांना स्कॅनर लागतो आणि त्यांच्या दाबाच्या नळ्या सैल करणे जिवावर बेतू शकते, त्यामुळे पुढील पद्धत त्यांना लावू नये.

आधी पावती वाचावी

केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या नियम ११५ नुसार डिझेल वाहनाची ‘फ्री ॲक्सिलरेशन’ चाचणी होते. गाडी न्यूट्रलमध्ये उभी करून, इंजिन आयडलिंगवर असताना एक्सलेटर झटक्यात पूर्ण दाबतात, गव्हर्नर (फेऱ्यांची कमाल मर्यादा राखणारी पंपातील यंत्रणा) रोखेल त्या कमाल फेऱ्यांपर्यंत इंजिन जाऊ देतात आणि सोडतात. असे अनेक वेळा करून जुळणाऱ्या वाचनांची सरासरी घेतात. बीएस-४ पूर्वीच्या डिझेल वाहनांसाठी धूर किती प्रकाश शोषतो याची मर्यादा प्रतिमीटर २.४५, म्हणजे ६५ हार्ट्रिज एकके, आणि बीएस-४ वाहनांसाठी प्रतिमीटर १.६२, म्हणजे ५० एकके आहे.

या दोन आकड्यांचा संबंध समजून घेणे उपयोगी पडते. स्मोक मीटरमधील ४३० मिलिमीटर लांबीच्या धुराच्या स्तंभातून प्रकाश सोडला जातो. ६५ एकके म्हणजे त्यातील ६५ टक्के प्रकाश धुराने अडवला. प्रतिमीटर आकडा मात्र लॉगरिदमने काढला जातो, म्हणून तो सरळ प्रमाणात वाढत नाही. ८० एकके दाखवणारी गाडी ६५ पासून फक्त पंधराने दूर आहे असे वाटते. प्रत्यक्षात तिचा प्रतिमीटर आकडा सुमारे ३.७४ येतो आणि मर्यादेत येण्यासाठी काजळी जवळपास एक तृतीयांशाने कमी व्हावी लागते. म्हणून दुरुस्तीची प्रगती मोजताना नेहमी प्रतिमीटरचा आकडा धरावा. २.६ आलेल्या गाडीला स्वच्छ फिल्टर पुरेसा होऊ शकतो. ४ च्या पुढे गेलेल्या गाडीत एकापेक्षा अधिक दोष असतात असे समजूनच कामाला लागावे.

जून २०२१ मध्ये देशभरासाठी एकसारख्या नमुन्याचे पीयूसी प्रमाणपत्र ठरवताना नापास वाहनाला कारणासह नकाराची पावती देण्याची तरतूदही करण्यात आली. ती पावती मागून घ्यावी. तिच्यासोबत चाचणीच्या वाचनांची छापील प्रत मिळत असेल तर तीही घ्यावी आणि तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, गाडीची श्रेणी बरोबर धरली आहे का. बीएस-३ गाडीला बीएस-४ ची मर्यादा लावली गेली असेल तर २.१ आकड्यावरही ती नापास ठरेल. दुसरी, तेलाचे तापमान. ते किमान ६० अंश सेल्सिअस असायला हवे. तिसरी, आयडलिंग आणि कमाल फेऱ्या. त्या कंपनीने दिलेल्या आकड्यांशी जुळत नसतील तर गव्हर्नरकडे लक्ष द्यावे लागेल.

थंड इंजिनाची चाचणी हे नापास होण्याचे फार साधे आणि फार दुर्लक्षिलेले कारण आहे. साखर कारखान्याच्या आवारात वजनकाट्याच्या रांगेत दोन-तीन तास आयडलिंगवर उभा राहिलेला ट्रक तसाच पीयूसी केंद्रावर नेला, तर इंजिन कोमट असते आणि सायलेन्सरमध्ये काजळीचा थर साचलेला असतो. पहिल्या दोन-तीन रेसमध्ये तो थर बाहेर फेकला जातो. चाचणीपूर्वी गाडी वीस-पंचवीस किलोमीटर, शक्य असल्यास थोड्या चढावर चालवून न्यावी. याला फसवणूक मानण्याचे कारण नाही. चाचणीची पद्धतच गरम इंजिन आणि आधी झटकून स्वच्छ केलेला एक्झॉस्ट गृहीत धरते.

याच संदर्भात थर्मोस्टॅटचा, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणाऱ्या झडपेचा, उल्लेख करायला हवा. आपल्याकडे गाडी तापते अशी तक्रार आली की थर्मोस्टॅट काढून फेकून देण्याची पद्धत जुनी आहे. थर्मोस्टॅट नसलेले इंजिन हिवाळ्यात आणि रिकाम्या फेरीत कामाच्या तापमानापर्यंत पोहोचतच नाही. डिझेल अर्धवट जळते, ते लायनरच्या भिंतीवरून खाली उतरून तेलात मिसळते आणि रिंगा लवकर झिजतात. गाडी अर्धा तास चालवूनही तापमानाचा काटा खालीच राहत असेल, तर इतर काही करण्यापूर्वी योग्य क्रमांकाचा थर्मोस्टॅट बसवावा आणि रेडिएटर साफ करून घ्यावा.

धुराचा रंग आणि रेस करण्यापूर्वीची खबरदारी

रंग पाहण्यासाठी गाडी मोकळ्या जागी उभी करावी, चाकांना उटी (अडसर) लावावी, तेल आणि पाणी तपासावे आणि इंजिन बंद करण्याची दांडी किंवा केबल खरोखर इंजिन बंद करते याची खात्री करावी. ही शेवटची तपासणी कधीही टाळू नये. टर्बोचा (इंजिनात दाबाने जास्त हवा भरणाऱ्या यंत्राचा) सील गेलेला असेल किंवा ऑइल बाथ (तेलात धूळ अडकवणाऱ्या) एअर क्लीनरमध्ये तेल जास्त भरलेले असेल, तर इंजिन ते तेल ओढून स्वतःच वेग घेऊ शकते आणि अशा वेळी डिझेल तोडूनही ते थांबत नाही.

काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी किंवा फवारा खराब. निळसर धूर म्हणजे इंजिनचे तेल जळत आहे. पांढरा धूर गाडी गरम झाल्यावरही येत राहिला, तर न जळलेले डिझेल वाफ होऊन बाहेर पडत आहे किंवा पाणी सिलिंडरमध्ये उतरत आहे. डिझेलच्या धुराने डोळे चुरचुरतात, पाण्याच्या वाफेने तसे होत नाही आणि रेडिएटरचे पाणी मात्र कमी होत जाते. डोळे चुरचुरतात का हे पाहण्यासाठी तोंड सायलेन्सरजवळ नेण्याची गरज नाही, गाडीमागे चार-पाच पावलांवर उभे राहिले तरी कळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहे, आणि हा धूर सर्वांत जास्त कोणाच्या छातीत जातो तर चालक, क्लीनर आणि मिस्त्री यांच्याच. बंद शेडमध्ये रेस करू नये.

पीयूसीत नापास होणाऱ्या जुन्या ट्रकांपैकी बहुसंख्य काळ्या धुरामुळे नापास होतात, म्हणून पुढचे विवेचन मुख्यतः त्याचेच आहे.

हवेची वाट

एअर क्लीनरपासून सुरुवात करावी. कागदी फिल्टर असेल तर तो बाहेर काढून आत बल्ब किंवा टॉर्च धरावी. प्रकाश सगळीकडून सारखा दिसला पाहिजे. काळे पट्टे दिसले तर फिल्टर बसला आहे, आणि एखाद्या ठिकाणी प्रकाशाचा तेजस्वी ठिपका दिसला तर कागद फाटला आहे, जे त्याहून वाईट. कॉम्प्रेसरच्या जोरदार हवेने फिल्टर झाडण्याची सवय घातक आहे, कारण त्याने कागदाला न दिसणारी छिद्रे पडतात आणि उसाच्या फडातली माती थेट लायनरपर्यंत जाते. झाडायचाच असेल तर आतून बाहेर, कमी दाबाने, आणि तेही एक-दोनदाच. गळीत हंगामात शेतरस्त्यावर चालणाऱ्या गाडीला किलोमीटरच्या हिशेबाने फिल्टर बदलून भागत नाही, कारण फडातला एक महिना डांबरी रस्त्यावरच्या कितीतरी महिन्यांइतकी धूळ आत पाठवतो.

ऑइल बाथ प्रकारच्या एअर क्लीनरमध्ये खालच्या भांड्यातले तेल काढून पाहावे. तळाशी चिखलाचा थर असेल तर भांडे आणि आतली जाळी दोन्ही डिझेलने धुऊन, पूर्ण निथळू देऊन, खुणेपर्यंतच नवीन तेल भरावे. खुणेच्या वर तेल भरल्यास काय होते ते वर सांगितलेच आहे.

त्यानंतर एअर क्लीनरपासून मॅनिफोल्डपर्यंतचा प्रत्येक होज हाताने दाबून पाहावा. जुन्या रबरी होजचा आतला थर सुटून तो आतल्या आत बंद होतो. बाहेरून होज धडधाकट दिसतो आणि इंजिन वेगात असतानाच तो आत ओढला जातो. टर्बो असलेल्या गाडीत टर्बो ते इंटरकूलर आणि इंटरकूलर ते मॅनिफोल्ड हे जोड विशेष पाहावेत. जोडाभोवती तेलकट, काळपट ओघळ दिसला तर तिथून दाबाची हवा बाहेर पडत आहे. आयडलिंगवर टर्बो दाब देत नसल्याने नुसते साबणाचे पाणी लावून गळती सापडत नाही. इनलेट बंद करून कमी दाबाची हवा भरावी आणि मग साबणाचे पाणी लावावे. इंजिन बंद व थंड असताना टर्बोचे चाक बोटाने फिरवून पाहावे : ते हलके फिरले पाहिजे, घराला घासता कामा नये आणि अक्षाच्या दिशेने हाताला जाणवेल इतके हलता कामा नये.

डिझेल फिल्टरबद्दल येथेच एक गैरसमज दूर करणे इष्ट आहे. काळ्या धुराच्या तक्रारीवर सगळ्यात आधी डिझेल फिल्टर बदलला जातो. पण डिझेल फिल्टर तुंबला तर इंजिनला डिझेल कमी मिळते. त्याने ओढ कमी होते, गाडी चढावर गचके खाते, धूर मात्र वाढत नाही. फिल्टर वेळेवर बदलावा आणि त्यातले पाणी काढावे ते पंप व नोझल वाचवण्यासाठी. रस्त्याकडेला डिझेल म्हणून स्वस्तात विकले जाणारे मिश्रण टाकीत जात असेल, तर ते आधी थांबवावे. पंपाचे सगळे वंगण डिझेलमधूनच होते आणि अशा मिश्रणाने झिजलेल्या पंपावर पुढचा सगळा खर्च वाया जातो.

बाहेर पडण्याची वाट

ही वाट तपासायची बहुतेकांच्या लक्षातच राहत नाही, म्हणून एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी ओळखीच्या एका मालकाचा १६१३ सातत्याने ३.५ च्या वर वाचन देत होता. फिल्टर नवा होता, नोझल दोनदा तपासले होते, पंपही बेंचवर जाऊन आला होता. शेवटी एक्झॉस्ट ब्रेकची (धुराचा पाइप मिटवून गाडीचा वेग रोखणारी) झडप उघडून पाहिली, तेव्हा ती काजळीने अडकून जवळपास अर्धी मिटलेली आढळली. पायाखालचे बटण सोडल्यावर ती परत जागेवर जात नव्हती. झडप साफ करून, तिचा अक्ष मोकळा करून आणि स्प्रिंग बदलून गाडी त्याच आठवड्यात मर्यादेच्या आत आली. जळलेला वायू पूर्ण बाहेर पडला नाही, तर नव्या हवेला सिलिंडरमध्ये जागाच राहत नाही, आणि परिणाम हवा कमी पडल्यासारखाच होतो.

म्हणून एक्झॉस्ट ब्रेकचा दांडा हाताने हलवून झडप पूर्ण उघडते का पाहावे, पाइप कुठे चेपला आहे का पाहावे आणि सायलेन्सरवर लाकडी हातोडीने हलके ठोकून आतली पत्री सुटून खडखडते का ऐकावे. सुटलेली पत्री वाट अडवते.

नोझल

हवा आत येण्याची आणि बाहेर जाण्याची वाट मोकळी झाल्यावर पुन्हा एकदा धूर पाहावा. तो कमी झाला नसेल तर आता दोषी सिलिंडर शोधायचा. यांत्रिक पंपाच्या इंजिनात हे सोपे आहे. इंजिन गरम करून आयडलिंगपेक्षा थोड्या जास्त फेऱ्यांवर ठेवावे आणि नोझलकडे जाणाऱ्या दाबाच्या पाइपांचे नट एकामागून एक, एका वेळी एकच, थोडे सैल करून पुन्हा आवळावेत. नट सैल केल्यावर फेऱ्या पडल्या तर तो सिलिंडर काम करत होता. फेऱ्या पडल्याच नाहीत तर तो आधीपासूनच काम करत नव्हता. आणि नट सैल करताच धूर स्पष्ट कमी झाला, तर दोषी सिलिंडर सापडला. हे करताना चष्मा आणि जाड हातमोजे घालावेत, गळणाऱ्या धारेसमोर हात नेऊ नये. दाबाचे डिझेल कातडीतून आत शिरते आणि ती जखम लहान दिसली तरी लगेच डॉक्टरांकडे जावे लागते.

सर्व सिलिंडरांचा धूर सारखाच असेल तर सगळे नोझल काढून टेस्टरवर तपासून घ्यावेत. समोर उभे राहून चार गोष्टी पाहाव्यात : नोझल कंपनीने दिलेल्या दाबालाच उघडते का, त्या दाबाच्या थोडे खाली धरले असता टोकाला थेंब जमतो का, फवारा प्रत्येक छिद्रातून धुक्यासारखा आणि सारख्या कोनात येतो का, की एखादी सरळ धार निघते, आणि उघडताना तो विशिष्ट कर्कश आवाज येतो का. धार मारणारे एक नोझलसुद्धा पिस्टनच्या डोक्यावर न जळलेले डिझेल ओतते आणि कालांतराने पिस्टनला भोक पाडते. नोझलचा क्रमांक इंजिनच्या यादीशी ताडून पाहणे अत्यावश्यक आहे. बसते म्हणून दुसऱ्या इंजिनचे नोझल घातलेले मी अनेक गाड्यांत पाहिले आहे. त्याची छिद्रे वेगळ्या व्यासाची आणि वेगळ्या कोनात असतात, आणि फवारा पिस्टनच्या वाटीऐवजी कडेवर आदळतो.

नोझल परत बसवताना तांब्याचा वॉशर प्रत्येक वेळी नवा घालावा आणि जुना वॉशर हेडमधल्या बैठकीत चिकटून राहिला नाही याची टॉर्च लावून खात्री करावी. जुन्यावर नवा बसला तर नोझलचे टोक एका वॉशरच्या जाडीइतके वर राहते. मिलिमीटरभराचा हा फरक फवाऱ्याची दिशा बिघडवायला पुरेसा असतो, आणि नवे नोझल टाकूनही धूर का वाढला हे कोणाला कळत नाही.

टॅपेट, टायमिंग आणि पंप

पंपाकडे जाण्यापूर्वी टॅपेट बांधून, म्हणजे व्हॉल्व्हचे ठरावीक अंतर जुळवून, घ्यावेत. कमिन्स ६बीटीमध्ये थंड इंजिनावर इनलेटला ०.२५ आणि एक्झॉस्टला ०.५० मिलिमीटर अंतर असते. इतर इंजिनांचे आकडे त्यांच्या पुस्तिकेतून घ्यावेत. काम तासाभराचे आहे आणि घट्ट बसलेला व्हॉल्व्ह कॉम्प्रेशन खातो.

पंपाचे टायमिंग फ्लायव्हीलवरच्या किंवा डॅम्परवरच्या खुणेशी जुळवून तपासावे. टायमिंग मागे गेले असेल, तर डिझेल उशिरा पडते, जळायला वेळ उरत नाही, इंजिनचा आवाज मऊ येतो, एक्झॉस्ट जास्त तापतो आणि काळा धूर येतो. थंडीत सकाळी पांढरा येतो. कपलिंगचे बोल्ट सैल होऊन किंवा टायमिंगच्या गिअरची झीज होऊन हे घडते. काही ठिकाणी पीयूसीपुरता धूर कमी करण्यासाठी टायमिंग मुद्दाम पुढे घेतले जाते. त्याने धूर खरोखर कमी दिसतो, पण ज्वलनाचे तापमान व दाब वाढतो, न दिसणारी नायट्रोजन ऑक्साइड वाढतात, इंजिन ठोकू लागते आणि हेड गॅस्केट व पिस्टन यांवर ताण येतो. टायमिंग खुणेवरच बांधावे, त्याच्या पुढेही नाही आणि मागेही नाही.

आता पंप. जुन्या ट्रकांवर बहुतेक मायकोचा, म्हणजे आजच्या बॉशचा इनलाइन पंप असतो. याच कंपनीच्या नाशिकच्या कारखान्यात नोझल आणि इंजेक्टर तयार होतात. पंपात सर्वप्रथम पाहायचे ते शिसे आणि तारेचे सील. सील तुटलेले असेल तर कोणीतरी डिझेल वाढवले आहे असे गृहीत धरावे. क्षमतेपेक्षा जास्त माल भरून घाट चढवायचा म्हणून पूर्ण भाराच्या डिझेलचा स्क्रू पिळला जातो. पण जितकी हवा आहे तितकेच डिझेल जळते; त्यापुढचा प्रत्येक थेंब काजळी होऊन बाहेर पडतो किंवा तेलात उतरतो. ओढ थोडी वाढते, डिझेलचा खर्च पुष्कळ वाढतो.

टर्बो असलेल्या गाडीत याहून महत्त्वाचा भाग म्हणजे पंपावर बसवलेला, मॅनिफोल्डच्या दाबावर चालणारा डायफ्रामचा डबा, ज्याला एलडीए म्हणतात. याचे काम नीट समजून घेतले तर टर्बो गाड्यांच्या नापास होण्याचा मोठा भाग समजतो. एक्सलेटर एकदम दाबला तरी टर्बोला वेग घ्यायला काही क्षण लागतात. त्या क्षणांत हवा टर्बो नसल्यासारखीच कमी असते. एलडीए तेवढा वेळ डिझेल रोखून धरतो आणि दाब वाढत जाईल तसे सोडत जातो. पीयूसीची चाचणी नेमका हाच क्षण मोजते : आयडलिंगवरून एकदम पूर्ण एक्सलेटर. एलडीए पूर्ण डिझेलच्या स्थितीत अडकला असेल, किंवा गाडी सुटायला जड वाटते म्हणून त्याची स्प्रिंग पिळून त्याला निकामी केले असेल, तर चाचणीत काळ्या धुराचा लोट हमखास येतो, मग घाटात ती गाडी कितीही स्वच्छ चालो. उलटही घडते. डब्याकडे जाणारी बारीक हवेची नळी फुटते किंवा डायफ्राम फाटतो, दाब पोहोचत नाही, डिझेल मिळत नाही, गाडी ओढत नाही. मग कोणी मूळ दोष न शोधता स्क्रू पिळून डिझेल वाढवतो आणि पुढच्या पीयूसीत गाडी नापास होते. म्हणून पंप उतरवण्याआधी ती नळी दोन्ही टोकांना काढून फुंकून पाहावी, आणि डायफ्राम हवा धरतो का ते हातपंपाने तपासावे.

एवढे सगळे करून पंप उतरवावाच लागला, तर त्याच क्रमांकाच्या पंपाचा तक्ता आणि बेंच असलेल्या ठिकाणीच द्यावा. प्रत्येक एलिमेंटचे ठरावीक फेऱ्यांवरील डिझेल, सहा एलिमेंटांमधला फरक, गव्हर्नरची कमाल मर्यादा आणि एलडीएची सुरुवात हे आकडे कागदावर लिहून मागावेत आणि नवे सील लावून घ्यावे. ‘धूर कमी करून द्या’ असे तोंडी सांगितले तर पंपवाला सर्वत्र डिझेल कापून देतो. गाडी पास होते, पण भरलेली गाडी चढ चढत नाही आणि महिन्याभरात कोणीतरी पुन्हा स्क्रू पिळतो. आकडे कंपनीच्या तक्त्याप्रमाणे मागावेत.

इंजिन उघडण्याचा निर्णय

हवा, एक्झॉस्ट, नोझल, टायमिंग आणि पंप योग्य असूनही धूर राहिला तरच इंजिनकडे वळावे. गरम इंजिन चालू ठेवून तेलाचे झाकण सैल करावे. तिथून आणि ब्रीदरमधून (इंजिनच्या आतली वाफ सोडणाऱ्या नळीतून) भकाभका वाफ येत असेल तर रिंगा आणि लायनर झिजले आहेत. प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजून लिहून ठेवावे. एकच सिलिंडर खाली असेल तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केटचा दोष संभवतो आणि फक्त हेड उतरवून भागू शकते. सगळेच खाली असतील तर हाफ कामाचा, म्हणजे रिंगा-लायनर बदलण्याचा, विचार करावा लागतो. निळा धूर उतारावरून एक्सलेटर सोडून आल्यावर पुन्हा दाबताच येत असेल तर व्हॉल्व्ह गाइड, आणि सतत येत असेल तर रिंगा किंवा टर्बोचा सील, असा साधारण अंदाज धरता येतो. टर्बोचा आउटलेट पाइप सोडून पाहिला की त्यात तेल साचले आहे की नाही हे पाच मिनिटांत कळते. इंजिन बांधण्याचा खर्च करण्यापूर्वी ही पाच मिनिटे जरूर द्यावीत.

पुन्हा चाचणीला नेताना

दुरुस्तीनंतर गाडी किमान दोनशे-तीनशे किलोमीटर भाराने चालवावी, म्हणजे सायलेन्सरमधली जुनी काजळी निघून जाते. मग गरम गाडी सरळ केंद्रावर न्यावी. चाचणीच्या वेळी एक्सलेटर पूर्ण दाबला जातो का हे स्वतः पाहावे. अर्धाच दाबून आलेला आकडा आज कामाला येतो, पण गाडीची खरी स्थिती त्यातून कळत नाही, आणि रस्त्यावरच्या तपासणीत तीच गाडी पुन्हा नापास ठरू शकते. गाडी न आणता प्रमाणपत्र देण्याची कोणी तयारी दाखवली तरी ते घेऊ नये. २०१९ च्या सुधारणेनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली प्रदूषणाची मर्यादा ओलांडणारी गाडी चालवल्यास दहा हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि चालकाचा परवाना तीन महिन्यांसाठी अपात्र ठरू शकतो. म्हणजे मालकाने वाचवलेल्या पैशांची किंमत पगारी चालक मोजतो. ही गोष्ट मला कायम खटकत आली आहे.

बीएस-४ पूर्वीच्या गाडीचे प्रमाणपत्र सहा महिनेच चालते आणि आठ वर्षांवरील मालवाहू गाडीला दरवर्षी पासिंग लागते. उसाच्या वाहतुकीतल्या गाडीचे काम हंगामापूर्वी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच करून घ्यावे. हंगाम सुरू झाल्यावर पंपवाल्याकडे रांग असते. प्रत्येक चाचणीचा प्रतिमीटर आकडा, तेलाचे तापमान, फेऱ्या, त्या दिवशीचे किलोमीटर आणि आधीच्या सहा महिन्यांत बदललेले भाग हे सगळे एका वहीत लिहावे आणि वही गाडीच्या कागदपत्रांसोबत ठेवावी. १.८ वरून २.० आणि २.० वरून २.३ असा आकडा चढत गेला, तर गाडी अजून पास होत असतानाच फिल्टर आणि नोझल तपासायला टाकावेत.